१२८/८२ लिहिलंस आणि मोकळा झालास

केसपेपरवर ‘१२८/८२, बीपी नॉर्मल’ असं ठोकून दिलंस आणि त्या माणसाला घरी पाठवलंस. मान वर करून त्याच्याकडे पाहिलंस तरी का? पट्ट्याच्या शेवटच्या भोकापर्यंत आलाय तो. सकाळी अकराला, ओपीडीच्या बाकड्यावर, एवढ्या गलक्यात त्याचा डोळा लागला होता. बायको सांगत होती, हे रात्री घोरतात, मधेच श्वास थांबतो, मग दचकून उठतात. तू ‘वजन कमी करा’ म्हणालास आणि पुढच्याला हाक मारलीस. याला डॉक्टरकी म्हणत नाहीत, पाट्या टाकणं म्हणतात.

दवाखान्यात बीपी १४०/९० च्या खाली आणि घरी, कामावर किंवा झोपेत चढलेलं, हे मास्क्ड हायपरटेन्शन. २००२ साली पिकरिंग यांनी दिलेलं हे नाव परीक्षेत तू घडाघडा लिहिलं असशील. मग समोर बसलेल्या माणसात ते शोधावंसं का नाही वाटलं? लठ्ठ माणसांत ते जास्त सापडतं. पोटातली चरबी मूत्रपिंडांवर दाब आणते, शरीर मीठ धरून ठेवतं, सिम्पथेटिक नसा सतत ताणलेल्या राहतात. त्यात झोपेत श्वास अडला की ऑक्सिजन उतरतो आणि बीपी उसळतं. निरोगी माणसाचं बीपी रात्री दहा ते वीस टक्के उतरतं. अशांचं पुष्कळदा उतरतच नाही. हृदय, मेंदू, मूत्रपिंडं रात्रभर मार खातात आणि सकाळी तुझ्या टेबलावर आकडा मात्र सभ्य दिसतो. त्याचा ईसीजी काढलास? डाव्या कप्प्याची भिंत जाड झाल्याची खूण शोधलीस? लघवीत अल्ब्युमिन तपासलंस? काही नाही.

‘सर, गर्दी होती’ हे मला सांगू नकोस. गर्दी रोजच असते. घरी बीपी मोजायला सांगायला दोन मिनिटं लागतात. आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, दर वेळी दोनदा. पहिला दिवस सोडून सरासरी काढायची. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर बीपी आहे. दंडाचा घेर टेपनं मोजून कफ सांग, लहान कफ आकडा फुगवतो. घरी यंत्र नसेल तर विभागातलं चोवीस तासांचं यंत्र त्याच्या दंडाला बांध. तिथे दिवसरात्रीची सरासरी १३०/८० आणि नुसती रात्रीची १२०/७० ही हद्द.

आणि वजनावरून त्याला लाजवू नकोस. लाजलेला माणूस पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही, थेट पक्षाघात घेऊन स्ट्रेचरवर येतो.

केसपेपरवर त्याचा फोन नंबर आहे. आत्ता फोन लाव, उद्या बायकोसकट बोलाव आणि झोपेच्या तपासणीची चिठ्ठी तयार ठेव. तो येऊन गेल्यावर मला केसपेपर दाखव.