परत आलेली रजई

कार्तिक शुद्ध एकादशीला मांडवीजवळच्या विठ्ठलमंदिरातून वरघोडा निघतो आणि बडोद्यातील जुन्या मराठी घरांत थंडीची चाहूल लागते. पंचांगाचा आणि हवामानाचा मेळ हल्ली पूर्वीसारखा बसत नाही, हे खरे. तरी ट्रंकेतली लोकरीची वस्त्रे उन्हात टाकण्याचा आमच्याकडचा मुहूर्त तोच आहे. तिकडे पंढरपुरात कार्तिकी आटोपली, की थंडीच्या दिवसांत विठोबाला शाल, रजई, कानपट्टी असा उबदार पोशाख चढतो. लहानपणी ही गोष्ट ऐकून मला नवल वाटे. पाषाणाला थंडी कशी वाजेल, असे मी विचारले, तेव्हा आजी सहज म्हणाली होती, ‘आपल्याला वाजते ना? मग त्यालाही वाजत असेल.’

या उत्तरातला तर्कदोष दाखवणे सोपे आहे. पण नीतीचा आरंभ बहुधा याच तर्कदोषातून होत असावा, असे मला उतारवयात वाटू लागले आहे. भूक चेहऱ्यावर दिसते, जखम डोळ्यांना दिसते. थंडी मात्र दुसऱ्याच्या अंगावर सहसा दिसत नाही. ती स्वतःच्या अंगावरून ताडावी लागते, आणि आपलेच अंग उबेत असेल तर ताडायला आधार उरत नाही.

बडोद्यात ही अडचण अधिकच आहे, कारण इथली थंडी सौम्य. जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांच्या आसपास उतरतो, क्वचित त्याखाली जातो. त्या थंडीला आपण ‘गुलाबी’ म्हणतो. पोंक, उंधियू, उत्तरायणाचे पतंग, कमाटीबागेतले सकाळचे फिरणे, वर्षातून एकदा बाहेर निघणारे स्वेटर असा हा सारा सुखाचा मामला असतो. जिथे बर्फ पडतो तिथे थंडी सर्वांचीच वैरी असते आणि शेजाऱ्याची आठवण आपोआप होते. आपल्याकडे जी हवा एकाला सुखाची, तीच भिंतीपलीकडे दुसऱ्याला जागवते. म्हातारे शरीर ऊब नीट धरून ठेवू शकत नाही. कुडकुडून ऊब निर्माण करायची, तर त्यालाही पोटात अन्न लागते. थर्मामीटरमधला आकडा दोघांना सारखाच असतो, एवढेच.

आमच्या इमारतीला लागून एका जुन्या वाड्याचा शिल्लक राहिलेला भाग आहे. त्यातल्या दोन खोल्यांत एक वृद्ध काकू एकट्या राहत. मंगलोरी कौलांच्या फटींतून आभाळ दिसे. घराणे जुने, संस्थानी नोकरीतले. आता मात्र कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या तुटपुंज्या रकमेवर चालणारा संसार. हिवाळ्यात रात्री अडीच-तीनला त्यांच्या खिडकीत दिवा लागलेला दिसे. काकूंचे नामस्मरण पहाटेचे असते, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. थंडीने झोप लागत नाही म्हणून त्या दिवा लावून बसतात, हे आमच्याकडे काम करणाऱ्या बाईने सांगितले तेव्हा कळले. तिला ते सांगावे लागले, याची मला आजही लाज वाटते.

संक्रांत दोन दिवसांवर होती. मी बाजारातून एक नवी, चांगली जाड रजई आणली आणि त्याच बाईच्या हाती काकूंकडे पाठवून दिली. स्वतः गेलो नाही. त्यांना संकोच वाटू नये म्हणून गेलो नाही, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. संकोच खरे पाहता माझा होता. दुसऱ्या दिवशी रजई परत आली. घडी तशीच, दोरासुद्धा न सोडलेला. वर एका वाटीत तिळाचे दहा लाडू आणि निरोप : ‘उबेपुरते आहे म्हणावे.’

मला प्रथम राग आला. मग मी आपली सर्वांची सवय असते त्याप्रमाणे ग्रंथाचा आधार शोधला. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. जे कर्तव्य म्हणून, परतफेड न करणाऱ्याला, योग्य स्थळी, योग्य काळी आणि पात्र व्यक्तीला दिले जाते ते सात्त्विक. मी एकेक कसोटी लावून पाहिली. संक्रांतीचा पुण्यकाळ, गरज खरी, परतफेडीची अपेक्षा मुळीच नाही. दान सर्व बाजूंनी शुद्ध होते. मग ते परत का आले?

बरेच दिवस विचार केल्यावर लक्षात आले, की दोष त्या शुद्धपणातच होता. दानाला परतफेड वर्ज्य आहे. शेजार मात्र परतफेडीवरच उभा असतो. विरजण, वाटीभर साखर, कढीलिंबाची डहाळी, दुखण्यात रात्रीची सोबत ही देवघेव कधी पुरी होत नाही आणि होऊ द्यायचीही नसते. शेजारणीची वाटी रिकामी पाठवू नये, असा आपल्या बायकांचा दंडक आहे, तो उगीच नव्हे. खाते मिटले की शेजार संपला. काकूंनी वर्षानुवर्षे आमच्याकडे लोणच्याची फोड, मुलांना अंगारा, सौभाग्यवतीला ओटीचे तांदूळ दिले होते. त्या सगळ्या देवघेवीत मी एकाएकी अशी वस्तू टाकली, की जिची बरोबरी करणे त्यांच्या ऐपतीबाहेर होते आणि जी त्यांनी फेडावी अशी माझी अपेक्षाही नव्हती. कालपर्यंत त्या शेजारीण होत्या. मी एका दुपारी त्यांना याचक करून टाकले. दहा लाडू पाठवून त्यांनी आपली जुनी जागा परत घेतली.

यावर एक आक्षेप सरळ आहे आणि तो टाळता येणार नाही. हा सारा पोकळ ताठा नव्हे काय? आपल्या बडोदेकर मराठी घरांत हा ताठा पुष्कळ आहे. सरदारकी गेली, वाडे बिल्डरांच्या हाती गेले, पण दिवाणखान्यातली तसबीर आणि मानेचा कोन कायम! माणूस थंडीने आजारी पडेल आणि आम्ही त्याच्या स्वाभिमानाचे कौतुक करीत बसायचे काय? मला वाटते, ताठा पोकळ असला तरी तो मोडण्याचा अधिकार देणाऱ्याकडे येत नाही. ज्याच्यापाशी मोजक्याच वस्तू उरल्या आहेत, त्याच्या त्या वस्तूंत अब्रू ही एक असते, आणि रजई देऊन ती काढून घेणे हा सौदा त्याला परवडेल की नाही, हे त्यानेच ठरवायचे. मात्र म्हणून हात झाडून मोकळे होता येत नाही. परत आलेल्या रजईने माझी सुटका केली नव्हती. काम अवघड करून ठेवले होते, इतकेच. त्या वर्षी मी ते काम केले नाही. रजई कपाटात गेली.

अन्नानंतर वस्त्राचा क्रम लागतो, असे आपण म्हणतो खरे. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेल्याचे अन्न आणि तहानलेल्याचे पाणी झाले, की लगेच उघड्यानागड्यांचे वस्त्र येते. तरी वस्त्रदानाचा विचार आपल्याकडे थोडाच झाला. दिल्लीचे अंशू गुप्ता यांनी ‘गूंज’ ही संस्था काढली ती याच उणिवेतून. बेवारस प्रेते उचलणाऱ्या एका माणसाचे काम हिवाळ्यात वाढते, हे पाहून त्यांना या प्रश्नाची धार कळली, असे ते सांगत आले आहेत. २०१५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला त्यांच्या कामातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. शहरांतून आलेले कपडे ते खेड्यांत नुसते वाटत नाहीत. गावकरी विहीर उपसतात, रस्ता नीट करतात, बांध घालतात, आणि त्या श्रमाच्या बदल्यात कपडे घेतात. काम गावाचेच असते. तरीही घेणाऱ्याची मान वर राहते, कारण त्याच्याकडून काहीतरी मागितलेले असते.

मागण्यात आदर असतो, ही गोष्ट बडोद्याला नवी नाही. श्रावणमासाची दक्षिणा सरसकट वाटण्याऐवजी परीक्षा घेऊन देण्याचा पायंडा सयाजीराव महाराजांच्या काळात पडला. १९१३ साली तरुण भीमराव आंबेडकरांना अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा संस्थानाने त्यांच्याकडून दहा वर्षांच्या नोकरीचा करार लिहून घेतला. कोणाला तो कोरडा व्यवहार वाटेल. मला त्यात सन्मान दिसतो. तुमच्याजवळ आम्हांला देण्याजोगे काही आहे, असे संस्थान त्यांना सांगत होते.

आणि इथेच आपल्या शहराच्या इतिहासातली ती दुखरी जागा येते. तो करार पाळण्यासाठी आंबेडकर १९१७ साली बडोद्यास आले. त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्यांनी दोन परिचितांना आसरा मागितला. एकाने घरातले नोकर निघून जातील अशी अडचण सांगितली. दुसऱ्याला पत्नीचा विचार घ्यायचा होता. दोघांपैकी कोणीही स्वतःच्या तोंडाने ‘नको’ म्हटले नाही. रात्रीच्या गाडीची वाट पाहत आंबेडकर कमाटीबागेत बसून राहिले. आपण गुलाबी थंडीत फिरायला जातो, तीच ही बाग. दरबाराने देणेघेणे केले, पण शहराने शेजार नाकारला. माझ्या रजईच्या गोष्टीशी या गोष्टीची तुलना करणे धाडसाचे आहे, याची मला जाणीव आहे. तिथे प्रश्न उबेचा नव्हता, माणुसकीचाच होता. तरीही ‘नोकर काय म्हणतील’ हे वाक्य वाचले, की रजई कामवाल्या बाईच्या हाती पाठवणारा मी मला आठवतो. नकोसे काम दुसऱ्याच्या नावावर टाकण्याची युक्ती जुनीच आहे.

शेजारी कोण, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. पावसाळी पीक हाती आले, की दाहोद, पंचमहाल, छोटाउदेपूर, झाबुआ या भागांतली आदिवासी कुटुंबे मजुरीसाठी शहरात येतात. सकाळी ती कडियानाक्यावर उभी असतात. त्यांपैकी अनेकांची रात्र बांधकामाच्या जागी, उड्डाणपुलाखाली किंवा मोकळ्या प्लॉटवर जाते. म्हणजे ज्या महिन्यांत थंडी असते, नेमके त्याच महिन्यांत ती उघड्यावर असतात. आपली घरे बांधणारे हे लोक आपले शेजारी नव्हेत, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

एका वर्षी मी काही मंडळींबरोबर रात्री ब्लँकेटे वाटायला गेलो होतो. झोपलेल्या माणसाच्या अंगावर हलकेच पांघरूण टाकायचे, अशी योजना होती. एका बाईवर पांघरूण पडताच ती दचकून उठली आणि तिने शेजारचे मूल ओढून छातीशी धरले. रात्री उघड्यावर झोपणाऱ्या बाईला कोणाचा हात लागला, तर तो मायेचा असेल असे तिने का समजावे? आमच्यातल्या एकाने फोटो काढला. त्या रात्री पांघरूण न मिळण्यापेक्षा मिळालेले बरे, याविषयी मला शंका नाही. पण आम्ही तिचे नाव विचारले नाही, आणि दिवसा तिच्यासमोर उभे राहण्याची आमची तयारी नव्हती म्हणूनच आम्ही रात्र निवडली होती.

प्रेमचंदांच्या ‘पूस की रात’ या कथेतल्या हल्कूने कांबळ्यासाठी तीन रुपये साठवलेले असतात. ते सावकाराच्या हाती जातात आणि तो कुत्र्याला कवटाळून शेतावर रात्र काढतो. कांबळ्याची गरज ही पुष्कळदा मजुरीच्या, कर्जाच्या गरजेचे वरचे टोक असते. मजुराला वेळेवर आणि पुरता पैसा मिळाला, तर रजई तो स्वतः विकत घेईल. निवाऱ्याचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक रैनबसेरा असावा, असा दंडक घातला. हक्काचे छप्पर मिळाले तर कोणाचे आभार मानावे लागत नाहीत, हा त्याचा मोठा गुण आहे. आपल्या भागातला रैनबसेरा कुठे आहे, तिथे बायकामुलांची सोय आहे काय, हे जाऊन पाहणे ब्लँकेट वाटण्याइतके समाधान देत नाही, म्हणून ते आपण करीत नाही.

काकूंची गोष्ट अर्धी राहिली. पुढल्या वर्षी आमच्याकडे नातवंड येणार होते. सौभाग्यवतीने जुन्या मऊ नऊवारींचे गाठोडे बांधले आणि ती स्वतः काकूंकडे गेली. बाळासाठी गोधडी हवी आहे, माझा धावदोरा तुमच्यासारखा येत नाही, असे तिने सांगितले. आणि ते खरेच होते. मला मात्र खात्री नव्हती. मदत विनंतीच्या वेषात पाठवणे ही एक प्रकारची फसवणूक नव्हे काय, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, ‘गोधडी हवी आहे की नको?’ मी गप्प बसलो.

काकू महिनाभर दुपारी आमच्या गच्चीत उन्हाला बसून शिवत होत्या. चहा दोघींचा तिथेच होई. बाळाची गोधडी झाली. उरलेल्या लुगड्यांची एक मोठी गोधडी त्यांनी स्वतःसाठी घातली, आणि तसे सौभाग्यवतीला सांगितले, परवानगी न विचारता. शेवटच्या दिवशी सुई-दोरा आवरताना त्यांनी विचारले, ‘अगं, गेल्या साली ती रजई आली होती, ती मग कोणाला दिलीत?’

ती कपाटातच होती, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली.