उद्योगी हिंसेचा हिशेब

श्रावकाची, म्हणजे जैन गृहस्थाची, हिंसा पुरती सुटत नाही, हे आमच्या शास्त्रकारांनीच मान्य करून ठेवलंय. घर चालवताना होते ती आरंभी, पोटापाण्यासाठी होते ती उद्योगी, बचावासाठीची विरोधी आणि ठरवून केलेली ती संकल्पी. शेवटची सोडायचीच; बाकीच्या होता होईल तो कमी करायच्या.

मी सांगलीकडचा जैन. पनवेलला क्लिअरिंग-फॉरवर्डिंगचं छोटं ऑफिस आहे. न्हावाशेव्याच्या बंदरात उतरलेला माल कस्टममधून सोडवायचा आणि पार्टीच्या गोदामापर्यंत पोचवायचा. श्रावकानं टाळावेत असे जे पंधरा धंदे, कर्मादानं, सांगितलेत, त्यांत गाड्या भाड्यानं चालवून जगणंही आहे. तेव्हा डोळ्यांपुढे बैलाची सोललेली मान असणार. आता बैल गेला. गव्हाण फाट्यापासून ट्रेलरच्या रांगेत अडकलेली स्कूटरवाली माणसं, रात्र जागून काढलेला ड्रायव्हर आणि त्या दोघांच्याही छातीत जाणारा धूर, हे मात्र माझ्याच बिलांच्या मागे उभं आहे.

आजवर मी याला उद्योगी हिंसा म्हणत आलो. पण दुसरा रस्ता समोर असताना?

रेल्वेचे रूळ थेट बंदरात गेलेले आहेत. पंचेचाळीस वाघिणींच्या एका रेकवर कंटेनरचे वीसफुटी नव्वद डबे जातात. मालगाड्यांसाठी बांधलेल्या पश्चिम मार्गावर डब्यावर डबा चढवून त्याच्या दुप्पट. ट्रेलरवर मावतात फार तर दोन. पोलादी रुळावर पोलादी चाकाला घर्षण कमी, म्हणून तेवढ्याच वजनाला इंधनही कितीतरी कमी लागतं. तरी बंदरातून बहुतेक डबे निघतात ते रस्त्यानंच. रेक भरेपर्यंत थांबावं लागतं आणि पलीकडे उतरवून पुन्हा गाडी लावावी लागते, ही कारणं खरी आहेत. पण सगळ्यांत जास्त ऐकू येणारं कारण म्हणजे ‘अर्जंट’. असा अर्जंट माल पुढे आठ-आठ दिवस गोदामात पडून राहिलेला मी पाहिलाय.

‘तत्त्वार्थसूत्रा’त उमास्वामींनी हिंसेच्या व्याख्येत प्राणघाताच्या आधी प्रमाद, म्हणजे गाफीलपणा, ठेवला. मला वाटतं, ही खोटी घाई प्रमादच आहे. मुनी चार हात जमीन निरखून पाऊल टाकतात. आम्ही बुकिंग करताना एक फोनसुद्धा जास्तीचा करत नाही.

रेल्वे अहिंसक आहे, असं काही मी म्हणत नाही. गांधीजींनी १९०९मध्ये ‘हिंद स्वराज’मध्ये तिच्यावर कडक टीका केली होती. तिलाही जमीन लागते, आणि जमीन काय किंमत मागते हे उरणला १९८४पासून माहीत आहे. जमिनीसाठीच्या आंदोलनावर झालेल्या गोळीबारात पाच माणसं गेली तिथं. शिवाय ट्रेलरचा हप्ता फेडणाऱ्या माझ्या गाडीवाल्याचं भाडं बुडालं, तर ते पाप कोणाच्या नावावर? एकदा त्यानं हे विचारलं, तेव्हा मी आकडे सांगू लागलो. तो म्हणाला, “शेठ, शास्त्र सांगा.” शास्त्रात मला काही सापडलं नाही. म्हणून बंदर ते यार्ड अशा जवळच्या फेऱ्या त्याला देतो. त्यात पैसे कमी सुटतात, झोप घरी मिळते.

चाकणचा माल रस्त्यानंच जाणार. एवढ्याशा अंतराला रेल्वे परवडत नाही, तिथं मी उद्योगी म्हणून मोकळा होतो. नागपूरचा, थेट तिथल्या डेपोपर्यंत, आता रेल्वेनंच पाठवतो. एक पार्टी त्यावरून सोडून गेली. अहमदाबादवाले मात्र अजून ‘अर्जंट’ म्हणतात, आणि मी अजून गाडी लावतो. ती हिंसा कुठल्या रकान्यात टाकायची ते मला कळतं, म्हणूनच जास्त अवघड जातं.