परवानगीचे शस्त्र

युक्रेनच्या युद्धावर आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुतेक वेळा दोन प्रश्नांपाशीच थांबते. नकाशावरचा लाल रंग किती पुढे सरकला, आणि कोणत्या देशाने किती अब्ज डॉलर दिले. आकडे खरे असतात, पण त्यांतून युद्ध कळत नाही. अवदीव्हका हे शहर फेब्रुवारी 2024 मध्ये रशियाच्या हाती गेले. तिथून पोक्रोव्स्क चाळीसेक किलोमीटरवर आहे. युद्धापूर्वी साठेक हजार वस्तीच्या या खाणकामगारांच्या शहरासाठीची लढाई 2025 चे शेवटचे महिने उजाडले तरी चालू होती. एवढ्याशा पट्ट्यासाठी एका महासत्तेचे सैन्य पावणेदोन वर्षे माणसे खर्ची घालत असेल, तर ‘रशिया जिंकतो आहे’ हे वाक्य फार थोडे सांगते, आणि ‘रशिया अडकला आहे’ हेही.

आघाडी आता खंदकांच्या दोन ओळींची राहिलेली नाही. दोन्ही बाजूंना पंधरा-वीस किलोमीटर रुंदीचा एक पट्टा तयार झाला आहे. तिथे जे हलते ते ड्रोनला दिसते, आणि जे दिसते त्यावर हल्ला होतो. रणगाडे मागे लपवून ठेवावे लागतात. रशियन शिपाई दोघे-तिघे मिळून पायी किंवा मोटरसायकलवरून घुसतात, एखाद्या पडक्या तळघरात दबा धरून बसतात आणि मागून आणखी दोघे येण्याची वाट पाहतात. काही ड्रोनमागे आता ऑप्टिकल फायबरची बारीक तार उलगडत जाते, त्यामुळे रेडिओ जॅमरचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. ड्रोन अडवायला रस्त्यांवर मैलोगणती जाळ्या ताणल्या आहेत. पाणी आणि दारूगोळा पोचवायला चाकांचे छोटे यंत्रमानव जातात. जखमीला बाहेर काढायला कधी कधी अनेक दिवस लागतात. अशा ठिकाणी तोफेवरच्या तुकडीला एकच हिशेब करायचा असतो: आज गोळा डागला, तर पुढच्या आठवड्यात दुसरा येईल का? खात्री नसेल तर ती गोळा राखून ठेवते, आणि तेवढ्या वेळात समोरचे शिपाई शे-दोनशे मीटर पुढे येतात.

हा हिशेब ध्यानात घेतला, तर या युद्धाविषयीचे आपल्याकडचे सर्वांत लाडके मत तपासता येते. ते मत असे: पाश्चात्त्य शस्त्रांमुळे युद्ध लांबले, मदत थांबवा, युद्ध आपोआप थांबेल. नाटोच्या विस्तारामुळे युद्ध पेटले, हे दुसरे मत युद्धाच्या मुळाबद्दल आहे. आज काय करायचे याचे उत्तर त्यात नाही. एखादे नवे शस्त्र आले की बाजी उलटेल, या तिसऱ्या मताचे उत्तर लेपर्ड रणगाड्यांनी आणि एफ-16 विमानांनी कधीच देऊन टाकले आहे. पहिले मत मात्र मी गंभीरपणे घेतो. ते मांडणाऱ्यांपैकी अनेकांना माणसे मरणे खरोखरच थांबायला हवे आहे, आणि त्यात मी त्यांच्याच बाजूचा आहे. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याची परीक्षा नीट व्हायला हवी.

ती परीक्षा प्रत्यक्षात होऊन गेली आहे. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये नव्या निधीची मागणी केली. प्रतिनिधिगृहाने सुमारे 61 अब्ज डॉलरचे विधेयक मंजूर केले ते 20 एप्रिल 2024 रोजी. मधल्या काळात, मार्चमधली एक छोटी खेप सोडली, तर 2024 च्या सुरुवातीपासून अमेरिकेची नवी शस्त्रमदत जवळजवळ आटली होती. युरोपीय संघाने मार्च 2024 पर्यंत दहा लाख तोफगोळे देऊ असे म्हटले होते. मुदत आली तेव्हा त्यांतले निम्म्याच्या आसपासच पोचले होते. ‘मदत थांबवा’ म्हणणाऱ्यांना हवे होते, त्याच्या जवळपास जाणारे हे महिने. त्यांत युद्ध थांबले नाही, मंदावलेही नाही. अवदीव्हका पडले ते याच काळात. युक्रेनच्या तोफा गप्प होत गेल्या आणि रशियन विमानांचे ग्लाइड बॉम्ब वाढत गेले. 11 एप्रिलला कीव्हजवळच्या त्रिपिल्ल्या वीजकेंद्रावर अकरा क्षेपणास्त्रे आली. झेलेन्स्की यांनी पुढे सांगितले की त्यांतली सात पाडली. उरलेल्या चारांनी केंद्र उद्ध्वस्त केले, कारण पाडायला क्षेपणास्त्रेच शिल्लक नव्हती. मे महिन्यात रशियाने खारकीव्हच्या दिशेला नवी आघाडी उघडली. मदत आटली, आणि रशियाने तहाची भाषा सुरू करण्याऐवजी हल्ले वाढवले.

यावर उत्तर येते की मदत पुरती थांबली नव्हती, सहाच महिने कळ काढायची होती, पुरती थांबली असती तर कीव्हला वाटाघाटी कराव्याच लागल्या असत्या. बरे, कशाच्या वाटाघाटी? रशियाने सप्टेंबर 2022 मध्ये चार प्रांत आपले म्हणून जाहीर केले. त्यांतल्या झापोरिझ्झिया शहरात त्याचे सैन्य कधी शिरलेच नव्हते. जून 2024 मध्ये पुतिन यांनी अट घातली ती या चारही प्रांतांतून युक्रेनने बाहेर पडण्याची. शस्त्रे संपलेल्या देशासमोर ही अट सौम्य होईल, असे मानायला कोणता आधार आहे? आणि ताब्यात गेलेल्या गावांतले जगणे या हिशेबात कुठे मोजले जाते? एप्रिल 2022 च्या सुरुवातीला बुचाच्या रस्त्यांवर प्रेते सापडली, तेव्हा तिथली लढाई संपलेली होती. मुलांना पळवून नेल्याच्या आरोपावरून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने मार्च 2023 मध्ये पुतिन यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढले, ते ताब्यातल्या प्रदेशांत घडलेल्या गोष्टींबद्दल. आघाडीवर तोफा शांत झाल्या की हिंसा संपली, हे समीकरण ज्यांना तिथे राहायचे नाही त्यांनाच सुचते. 1994 च्या बुडापेस्ट कराराची आणि पुढच्या मिन्स्क शस्त्रसंधी करारांची आठवण ज्यांना आहे, त्यांना कागदी हमीचे मोल वेगळे समजावून सांगायला नको.

तरीही या मताचा एक कण खरा आहे, आणि तो मी टाकून देणार नाही. 2022 च्या शरद ऋतूत खारकीव्ह प्रांतात रशियाची फळी कोसळली, नोव्हेंबरमध्ये खेरसॉन सुटले. तेव्हा समोरची संरक्षणरेषा विरळ होती. रणगाडे देण्याचा निर्णय मात्र जानेवारी 2023 मध्ये झाला आणि युक्रेनचा प्रतिहल्ला जूनमध्ये सुरू झाला. रशियाने सप्टेंबर 2022 मध्येच तीन लाख राखीव सैनिक बोलावले होते; मधल्या हिवाळ्यात त्याने खंदक खणले, सुरुंग पेरले. प्रतिहल्ला रोबोतिने या गावाच्या आसपास अडला. त्याची इतरही कारणे होती: हवाई वर्चस्व नव्हते, सैन्य एकाहून अधिक दिशांना विभागले होते, नव्या तुकड्या अर्ध्याकच्च्या होत्या. पण उशीर हे कारण त्यांतून वगळता येत नाही. मदतीने युद्ध लांबवले असेल, तर ते थेंबथेंब दिलेल्या मदतीने लांबवले.

मला ज्या भेदाकडे यायचे आहे तो इथे सुरू होतो. मदत किती, याहून ती वापरायची कुणाच्या संमतीने, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. मे 2024 मध्ये खारकीव्ह प्रांतातल्या वोवचान्स्कवर हल्ला करणारे रशियन सैन्य आधी सीमेपलीकडे जमले होते, सीमा तिथून जेमतेम पाच किलोमीटर. अमेरिकी शस्त्रे युक्रेनकडे होती, पण ती रशियाच्या भूमीवर डागायची मुभा नव्हती. ती मिळाली महिनाअखेरीस, हल्ला सुरू होऊन गेल्यावर. लांब पल्ल्याच्या अटॅकम्स क्षेपणास्त्रांसाठी तीच परवानगी यायला नोव्हेंबर 2024 उजाडला. तोवर रशियाने आपली बरीच विमाने पल्ल्याबाहेर हलवली होती. मार्च 2025 मध्ये वॉशिंग्टनने शस्त्रांबरोबर गुप्त माहितीही काही दिवस रोखली. रशियाच्या कुर्स्क प्रांतात घुसलेल्या युक्रेनी सैन्याची फळी त्याआधीच खिळखिळी झाली होती, हे मान्य. पण तिथले सुद्झा शहर हातचे गेले ते त्याच दिवसांत. असे शस्त्र शत्रूवर चालते खरे, पण त्याच्या वापराची वेळ दुसऱ्याच राजधानीत ठरते, आणि ती वेळ शत्रूलाही वर्तमानपत्रात वाचायला मिळते. विकत घेतलेले शस्त्रही यातून सुटत नाही. भारताने 2018 मध्ये रशियाशी पाच एस-400 यंत्रणांचा करार केला, आणि त्यांतल्या शेवटच्या दोन याच युद्धामुळे रखडल्या.

युक्रेनने स्वतःच्या शस्त्राने काय केले ते याच्या शेजारी ठेवून पाहावे. एप्रिल 2022 मध्ये ‘मस्कवा’ ही युद्धनौका बुडाली ती देशी नेपच्यून क्षेपणास्त्राने. पुढे काळ्या समुद्रातला रशियन ताफा सेवास्तोपोलहून मोठ्या प्रमाणात नोव्होरोसिस्ककडे ढकलण्यात सागरी ड्रोनचा मोठा वाटा होता, आणि तेही नाव घेण्याजोगे नौदल नसताना. 2024 च्या वसंतात रशियन तेलशुद्धीकरण कारखान्यांवरच्या हल्ल्यांबद्दल अमेरिकेने नाराजी दाखवली. कीव्हने ती ऐकली आणि हल्ले चालू ठेवले, कारण ड्रोन त्यांचे होते. 1 जून 2025 रोजी ट्रकांत लपवलेल्या 117 ड्रोननी थेट सायबेरियातल्या बेलाया तळापर्यंत बॉम्बर विमाने गाठली. युक्रेन 41 विमानांचा दावा करतो, अमेरिकी अंदाज त्याच्या निम्म्याजवळ आहे. निम्मा धरला तरी अशा मोहिमेला कुणी परवानगी दिली असती, असे मला वाटत नाही.

डेन्मार्कने 2024 मध्ये वेगळी वाट धरली. स्वतःच्या कोठारातल्या तोफा पाठवण्याऐवजी त्याने युक्रेनमधल्याच कारखान्यांना पैसे दिले, आणि पहिल्या 18 बोहदाना तोफा काही महिन्यांत सैन्याच्या हाती आल्या. या युद्धातली मदतीची सर्वांत समंजस कल्पना मला हीच वाटते. कोणत्याही रणगाड्याच्या बातमीपेक्षा ती मोठी होती, आणि तिच्यावर फारच कमी लिहिले गेले.

या भेदाच्या मर्यादा मी लपवणार नाही. युक्रेनच्या ड्रोनमधल्या मोटारी आणि सुटे भाग मोठ्या प्रमाणात चीनचे आहेत, म्हणजे परवानगीचा धोका तिथेही दुसऱ्या रूपाने उभा आहे. एप्रिल 2024 मध्ये सैन्यभरतीचे किमान वय 27 वरून 25 वर आणावे लागले. माणसांची ती उणीव कुणाच्याही मदतीने भरून निघत नाही. आणि बॅलिस्टिक क्षेपणास्त्र पाडायला आज मुख्यतः पॅट्रियटच लागते, ते बनवणे युक्रेनच्या आवाक्यात नाही. 2025 च्या उन्हाळ्यापासून युरोपीय देश स्वतःचे पैसे मोजून अमेरिकेकडून ही शस्त्रे युक्रेनसाठी विकत घेत आहेत. कीव्हमधल्या इस्पितळांसाठी आणि वीजकेंद्रांसाठी ते करावेच लागेल, कितीही अपमानास्पद वाटले तरी.

पण डिसेंबर 2025 मध्ये युरोपीय संघाने 2026 आणि 2027 साठी 90 अब्ज युरोचे कर्ज ठरवले, तेव्हा सगळी चर्चा गोठवलेल्या रशियन ठेवी वापरायच्या की नाही यावरच झाली. पैसा कुठून येणार हे ठरले. त्यातला किती हवाई संरक्षणाच्या पलीकडच्या शस्त्रांसाठी परदेशी कोठारांकडे जाणार आणि किती युक्रेनमधल्याच कारखान्यांकडे, हा प्रश्न मागेच राहिला. माझ्या मते हवाई संरक्षण वगळून उरणारा जवळजवळ प्रत्येक युरो तिथे जायला हवा, आणि पुढच्या प्रत्येक हप्त्याच्या वेळी पहिला प्रश्न हाच विचारला जायला हवा.