तिकीट सगळ्यांनीच काढलेलं असतं

सगळे गप्प बसा आणि माझ्याकडे बघा. तुम्ही आता माझ्या वर्गात नाही, हे मला ठाऊक आहे. तुमची लग्नं झाली, स्वतःच्या पोरांच्या प्रवेशासाठी तुम्ही माझ्याकडे शिफारस मागायला येता. तरी आज बोलणार आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही गावांत मी आयुष्यभर शिकवलंय. रविवारी एखाद्या वॉटर पार्कच्या पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडी टाकून, चखण्याची पाकिटं फाडून उभं राहिलेलं टोळकं दिसलं की त्यात आपला कोणी आहे का, हे मी आधी बघते. बहुतेक वेळा असतो.

सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. बायका आणि मुलं तिकिटाच्या रांगेत उन्हात उभी असतात आणि तुम्ही गाडीमागे. आत दारू चालत नाही, दारावर पिशव्या तपासतात, म्हणून बाहेरच टाकी भरून घ्यायची. नाहीतर कोल्ड्रिंकच्या बाटलीत रम मिसळायची आणि ती बाटली पोराच्या टॉवेलात गुंडाळून आत न्यायची. पोराच्या टॉवेलात! आठ वर्षांच्या मुलाच्या पिशवीत लपवाछपवीचा माल ठेवताना तुमचा हात कसा थरथरत नाही? त्या मुलाला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? मी नववीचे वर्ग कमी आणि तिसरी-चौथीचे जास्त घेतलेत. मुलांना सगळं कळतं. 'माझी सहल' हा निबंध लिहायला दिला की एखाद्या वहीत सरळ लिहिलेलं असतं, बाबा आणि काका गाडीत दारू प्यायले आणि मग आईचं भांडण झालं. त्या निबंधाला मी गुण काय द्यायचे, सांगा. शुद्धलेखन बरोबर असतं. वाक्यरचना बरोबर असते.

मी दारूबंदीचं भाषण करायला आलेली नाही. परमिट रूममध्ये बसा, घरी बसा, वय आणि परवाना असेल तर तो तुमचा आणि तुमच्या यकृताचा प्रश्न. महाराष्ट्रात बियरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षांची अट आहे, ती पाळा म्हणजे झालं. माझं भांडण जागेशी आहे. जिथे लोक लहान मुलं घेऊन येतात, जिथे बायका ओल्या कपड्यांत असतात, जिथे म्हातारी आजी पायऱ्या धरून पाण्यात पाय बुडवून बसलेली असते, तिथे तुम्ही पिऊन जाता, त्याबद्दल बोलतेय.

वेव्ह पूलचा भोंगा वाजला की काय होतं ते नीट आठवा. सगळी गर्दी एका बाजूला लोटते. लाट येते, माणसं एकमेकांवर आदळतात, कोण कुठे आहे कळत नाही. त्या क्षणी पाण्यात दहा-बारा झिंगलेले बाप्ये असले की पोरीबाळी काय करतात माहीत आहे? हळूच काठाला सरकतात. मग बाहेर येतात. मग त्यांची आई म्हणते, पुरे झालं, चला जेवून घेऊ. दुपारी बारा वाजता त्यांचा दिवस संपतो. माणशी तिकीट, कॉस्च्यूमचं भाडं, लॉकरची अनामत, रिक्षा, जेवण असं सगळं धरून एका कुटुंबाने दोन-तीन महिने पैसे बाजूला टाकलेले असतात. ते पैसे तुम्ही त्यांच्या हातातून काढून घेतलेत. कोणालाही हात लावला नाही, असं छाती ठोकून सांगू नका. हात न लावताही तुम्ही त्यांना पाण्याबाहेर काढलंत.

आणि काही जण हातही लावतात. 'गर्दीत लागला', 'शुद्धीत नव्हतो'. ही वाक्यं माझ्यापुढे बोलायची नाहीत. तुम्हाला कायदा कोणी शिकवला नसेल तर मी शिकवते. स्वतःच्या मर्जीने प्यायलेल्या माणसाला नशेची सबब वापरता येत नाही. ही गोष्ट इंग्रजांच्या दंड संहितेतही होती आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे, कलम 23 आणि 24 वाचा. कुणी फसवून किंवा जबरदस्तीने पाजली असेल तर गोष्ट वेगळी. स्त्रीचा विनयभंग केला तर कलम 74 खाली कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. नुसतं सार्वजनिक ठिकाणी पिऊन लोकांना त्रास दिला तरी कलम 355 आहे, चोवीस तासांपर्यंत साधी कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवेची शिक्षा. जुन्या कायद्यात या गुन्ह्याला दंड किती होता? दहा रुपये. 1860 सालचे दहा रुपये शेवटपर्यंत तसेच राहिले होते. म्हणून तुमच्या आजोबांच्या काळापासून सगळ्यांना वाटत आलं की हा काही गुन्हाच नाही. त्याशिवाय आपल्या राज्याचा दारूबंदी अधिनियम 1949 सालचा आहे आणि त्याचं कलम 85 खास याच धिंगाण्यासाठी आहे.

आता तुम्हाला टोचेल अशी गोष्ट. 20 ऑगस्ट 2024, मंगळवार. बदलापूर स्टेशनच्या रुळांवर हजारो माणसं उतरली. शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला होता आणि दखल घ्यायला झालेल्या दिरंगाईने गाव पेटलं होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकल बंद. तुमच्यातले कितीतरी जण त्या रुळांवर होते, मला माहीत आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटला. लेकीबाळींसाठी आमचं गाव दिवसभर रूळ अडवून उभं राहिलं, असं मी बाहेरच्या लोकांना सांगत आले. मग त्याच गावातला माणूस पावसाळ्यात पिऊन रेन डान्सच्या शॉवरखाली परक्याच्या पोरीभोवती नाचतो, तेव्हा मी काय सांगायचं? मुलींची सुरक्षितता ही फक्त आरोपी दुसरा असतानाच मागायची गोष्ट आहे का? ज्या दिवशी तुम्ही घोषणा दिल्यात त्या दिवशी तुम्ही शुद्धीवर होतात. रविवारीही तसेच राहा.

पाण्याचं शास्त्रही तुम्हाला समजावून सांगायला हवं, कारण विज्ञानाच्या तासाला तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. दारू प्यायल्यावर अंगाला ऊब येते, ती खोटी असते. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं गरम रक्त बाहेरच्या बाजूला येतं, म्हणून गरम वाटतं. प्रत्यक्षात शरीर उष्णता गमावत असतं आणि थंड पाण्यात ती आणखी झपाट्याने जाते. पोहताना हात, पाय आणि श्वास यांचा मेळ बसावा लागतो. नशेत पहिला तोच मेळ बिघडतो. पोटात दारू आणि तेलकट चखणा असताना पाण्यात उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. आणि आपण किती प्यायलोय याचा अंदाज ज्या मेंदूने करायचा, तोच मेंदू प्यायलेला असतो. थंड पाण्यात डुबकी मारली की उतरते, लिंबू पाणी प्यायलं की उतरते, या सगळ्या थापा आहेत. यकृत आपल्या गतीनेच काम करतं, साधारण एका पेगला एक तास, आणि त्याला घाई करता येत नाही.

घसरगुंडीवर वर उभा असलेला लाइफगार्ड हात वर करेपर्यंत थांबायचं असतं, छातीवर हात बांधून, पाय जुळवून आडवं व्हायचं असतं. थांबायचा नियम खाली उतरलेलं मूल बाजूला व्हावं म्हणून केलेला आहे. नशेतला ऐंशी किलोचा बाप्या 'हट' म्हणून त्या वीस वर्षांच्या लाइफगार्ड पोऱ्याला ढकलतो आणि सुसाट सुटतो. खाली एखादी दहा वर्षांची मुलगी पाण्यातून उठत असते. तुमचे गुडघे तिच्या पाठीत बसले तर? लाइफगार्ड म्हणून उभी असलेली ती पोरंही याच पट्ट्यातल्या गावांमधली, दिवसभर उन्हात उभी राहणारी असतात. त्यांना शिव्या घालताना, 'पैसे भरलेत आम्ही' म्हणताना ऐकलंय मी तुम्हाला. पैसे सगळ्यांनीच भरलेले असतात.

ज्यांना वॉटर पार्कचं तिकीट परवडत नाही किंवा दारावरची तपासणी नको असते, ते कोंडेश्वरला जातात, भोज धरणावर जातात, बारवीच्या काठाला गाड्या लावतात. कोंडेश्वर म्हणजे जुनं शिवमंदिर, शेजारी कुंड आणि धबधबे. पावसाळा आला की जिल्हा प्रशासनाला मनाई आदेश काढावा लागतो. पूर्वी कलम 144 होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163. त्या आदेशातल्या ओळी वाचल्या तर शरमेने मान खाली जाते. खोल पाण्यात उतरू नये, मद्य बाळगू नये, पिऊ नये, काचेच्या बाटल्या फेकू नयेत, महिलांची छेड काढू नये, मोठ्याने गाणी वाजवू नयेत. या गोष्टी सरकारी कागदावर छापून सांगाव्या लागतात! आणि आदेश असूनही दर पावसाळ्यात कुंडातून पोरांचे मृतदेह काढण्याच्या बातम्या येतातच. बुडालेला प्रत्येक जण प्यायलेला असतो असं मी म्हणत नाही. शुद्धीवरचे आणि चांगले पोहणारेही त्या कुंडात बुडालेत. म्हणूनच विचारते, जिथे शुद्धीवरचा माणूस वाचत नाही तिथे तुम्ही क्वार्टर मारून उडी कसली मारता?

बाटल्यांचं तर बोलायलाच नको. त्या कुंडांच्या आसपासच्या पाड्यांवर ठाकूर-कातकरी राहतात. त्यांची मुलं त्या दगडांवरून अनवाणी जातात. तुम्ही बूट घालून येता, बाटली दगडावर फोडून टाळ्या पिटता आणि निघून जाता. आणि बारवी? ते धरण औद्योगिक विकास महामंडळाने 1972 साली बांधलं. तिथलं पाणी उल्हास नदीत येतं, जांभूळला शुद्ध होतं आणि उल्हासनगरच्या, कल्याण-डोंबिवलीच्या नळांना जातं. उल्हासनगरात पाणी नाही म्हणून नगरसेवकाच्या दारात हंडे घेऊन तुमचीच आई उभी राहिली होती. त्या पाण्याच्या काठाला बसून तुम्ही ओकता.

आता सबबींकडे येते. 'बाई, आठवडाभर लोकलमध्ये लोंबकळतो, एक दिवस तरी मोकळं व्हायला नको?' हे मला नेहमी ऐकवलं जातं. लोकलचे हाल मी स्वतः काढलेत, बदलापूरहून सुटणारी गाडी बदलापूरलाच भरलेली असते. पण तुमची बायको कुठल्या गाडीने जाते? ती पहाटे उठून डबे भरते, त्याच गर्दीत लेडीज डब्यात उभी राहते, रात्री परत येऊन पोळ्या करते. तिला मोकळं व्हायचं नसतं का? वर्षातून एकदा तिला पाण्यात खेळायची संधी मिळते. तीही ती तुमच्यावर पाळत ठेवण्यात घालवते. हा पडेल का, हा कोणाशी भांडेल का, परतताना गाडी कोण चालवणार, सासूला काय सांगायचं. तुम्ही मोकळे होता आणि तिच्या डोक्यावर अजून एक पाळी चढते.

'गटारी आहे' ही दुसरी सबब. आषाढातल्या त्या अवसेला तुमच्या घरी दिव्यांची पूजा असते. तुमच्या आईने समया घासून, पाटावर मांडून, कणकेचे दिवे उकडून ठेवलेले असतात. तिला एकटीला ती पूजा करायला लावून तुम्ही नेरळ-कर्जतच्या फार्महाऊसवर पळता. श्रावण पाळायचाय म्हणून आदल्या दिवशी जनावरासारखं प्यायचं, यात कुठला धर्म आहे तो मला दाखवा.

जे स्वतः पीत नाहीत त्यांनाही मी सोडणार नाही. टोळक्यात एक-दोन शहाणे असतातच. ते ग्लास भरून देतात, व्हिडिओ काढतात, 'जाऊ दे, आज त्याचा मूड आहे' म्हणतात. मूड त्याचा आणि भोगायचं दुसऱ्यांनी. मोठे दीर, मेव्हणे, सोसायटीचे अध्यक्ष, सगळे बघत राहतात, कारण सहलीत वाईटपणा कोणी घ्यायचा. तुम्ही वाईटपणा घेत नाही म्हणून तो एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीला घ्यावा लागतो. ती ओरडते आणि मग सगळे तिच्याकडे वळून बघतात. वॉटर पार्कच्या मालकांनाही सांगते. दारात पिशव्या तपासता तसं माणसांकडेही बघा. झुलणाऱ्या माणसाला तिकीट विकून आत सोडायचं आणि मग 'आम्ही जबाबदार नाही' अशी पाटी लावायची, हे चालणार नाही.

परतीचा रस्ता उरला. रक्ताच्या शंभर मिलिलिटरमध्ये तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याचं कलम 185 लागतं. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. मागच्या सीटवर तुमचीच पोरं ओल्या केसांनी झोपलेली असतात आणि पुढे काटई-कर्जत रस्त्यावरचे डंपर असतात.

तेव्हा येत्या रविवारी काय करायचं ते ऐका. पार्किंगमध्ये पहिली बाटली बाहेर आली की गाडीची किल्ली न पिणाऱ्याच्या हातात जाईल. प्यायलेला माणूस आत जाणार नाही, मग तो कोणाचा भाऊ असो की बॉस. तो गाडीतही एकटा राहणार नाही, एक जण त्याच्याजवळ बाहेर थांबेल आणि बाकीचे आत जातील. त्याच्या तिकिटाचे पैसे वाया गेले तर जाऊ देत. आणि हे ठरवायचा अधिकार तुमच्यातल्या बायकांना असेल. त्यांनी 'परत चला' म्हटलं की गाडी वळेल, त्यावर कोणी 'अगं, पण' असं म्हणायचं नाही.