काही झालं नाही

कर्नाळ्याला ट्रेक म्हणावं की नाही, हा आमच्या ऑफिसातल्या डोंगरवेड्यांचा आवडता वाद आहे. पनवेलपासून साधारण बारा किलोमीटर, मुंबई-गोवा महामार्गाला खेटून अभयारण्याचं फाटक, तिथून दीड-दोन तासांची चढण आणि उशिराच्या जेवणाला घरी परत. उंची साडेचारशे मीटरच्या आसपास. ज्यांनी अलंग-मदन-कुलंग केलंय त्यांच्या लेखी हा वॉर्मअप. म्हणूनच डिसेंबरातल्या एका रविवारी मी नऊ वर्षांच्या भाच्याला तिथे घेऊन गेलो. ताईने विचारलं होतं, "सोपं आहे ना रे?" मी म्हटलं, "अगं, शाळांच्या सहली येतात तिथे." यात काही खोटं नव्हतं.

फाटकावर वनखात्याच्या माणसाने पिशव्या तपासल्या, प्लास्टिकच्या बाटल्या मोजल्या, डिपॉझिट घेतलं. बाटल्या परत आणल्या की पैसे परत. भाच्याला हा व्यवहार फारच आवडला, आणि बाटल्यांची जबाबदारी त्याने स्वतःकडे घेतली. सुरुवातीची वाट गर्द झाडीतून जाते. महामार्गावरच्या ट्रकांचे हॉर्न बराच वेळ पाठलाग करतात, मग केव्हातरी थांबतात. एका वळणावर भृंगराज दिसला. त्याच्या शेपटीची दोन पिसं काडीसारखी लांब असतात आणि टोकाला चकत्या. भाचा म्हणाला, "मामा, त्याच्या मागे दोन भुंगे लागलेत." खरोखर तसंच दिसतं.

पुढे चढ खडा होतो, पायाखाली मुरूम घसरतो. करणाई देवीचं देऊळ, मग पडका दरवाजा, आणि समोर तो सुळका. महामार्गावरून जाताना लाखो लोक हा काळा अंगठा पाहतात. त्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि कोठारं आहेत, आणि वर कड्याला लटकलेली आग्या माश्यांची पोळी. या माश्या उघड्यावर पोळं बांधतात. धूर, अत्तराचा वास, दगड अशा कशानेही खवळतात, आणि खवळल्या की झुंडीने येतात. कर्नाळ्यावर माणसांवर हल्ले झाले आहेत. हे सगळं मला माहीत होतं. आदल्या रात्रीच वाचलं होतं.

टाक्यांपाशी बसून आम्ही चिक्की खाल्ली. तिथे मोबाइलला रेंज होती. त्या शनिवार-रविवारी मी ऑन-कॉल होतो, म्हणजे सिस्टीम बिघडली तर पहिला फोन मला. फोन थरथरला. पेमेंटची रांग तुंबत होती. मी मेसेज वाचले, दोघांना उत्तरं दिली, काय रीस्टार्ट करायचं ते सांगितलं. तीन-चार मिनिटं गेली असतील. मान वर केली तर भाचा नव्हता.

शेवटच्या टाक्याच्या पुढे कातळाला लागून वाट अरुंद होत जाते. एका बाजूला सुळका, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये बारीक खडी. तो तिथे उभा होता. हातात दगड, हात मागे ताणलेला, नजर वर पोळ्यावर. मला पाहून त्याने विचारलं, "मामा, मध पडेल का खाली?"

मी ओरडलो नाही. ओरडायचं नाही हे सुचलं असं म्हणणार नाही. आवाजच निघाला नाही. "बाटली कुठेय आपली?" एवढंच बोललो. बाटलीची आठवण होताच त्याने दगड टाकला आणि माझ्याकडे चालत आला. दगड कडेवरून घरंगळला. खाली पडल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

उतरलो. डिपॉझिट परत मिळालं. पनवेलला वडापाव खाल्ला. घरी पोचल्यावर त्याने ताईला भुंग्यांच्या शेपटीचा पक्षी रंगवून सांगितला. ताईने मला विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "मस्त."

त्या रात्री मी स्वतःला पुन्हा पुन्हा एकच वाक्य ऐकवत होतो: काही झालं नाही. वाक्य बरोबर होतं. तरीही ते मला निर्दोष ठरवतं की नाही, हे काही केल्या ठरेना.

या प्रश्नाला तत्त्वज्ञानात नाव आहे: नैतिक नशीब. 1976 साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी एकाच परिसंवादात त्यावर निबंध वाचले. नेगलचं उदाहरण ट्रक ड्रायव्हरचं आहे. बरेच दिवस ब्रेक तपासले नाहीत, आणि अचानक एक मूल रस्त्यावर आलं. तसाच दुसरा ड्रायव्हर, तितकाच निष्काळजी, पण त्याच्या रस्त्यावर कोणी आलं नाही. दोघांनी केलं ते अगदी सारखंच. पहिला जन्मभर स्वतःला माफ करत नाही आणि दुसरा घरी जाऊन जेवतो. आपल्या हातात नसलेल्या गोष्टीवरून माणसाला दोष द्यायचा नाही, हे आपल्याला मनापासून पटतं. आणि प्रत्यक्षात आपण नेमकं तेच करत असतो.

कायदाही तेच करतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बेदरकारपणे गाडी चालवण्याला कलम 281 खाली जास्तीत जास्त सहा महिने कैद आहे. त्याच बेदरकारपणात कोणाचा जीव गेला तर कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत. स्टिअरिंगवरचा हात तोच, घाई तीच. समोर कोण आलं यावर साडेचार वर्षांचा फरक. हे अन्यायाचं आहे असं मला वाटत नाही. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना कायद्याने काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. पण या मोजपट्टीने दुसऱ्या ड्रायव्हरला काय सांगितलं? तू सुटलास.

यावर आपल्याकडचं तयार उत्तर म्हणजे गीतेचं. कर्म तुझं, फळ तुझं नाही. आमचे आजोबा कुठल्याही पेचात हे सांगून मोकळे व्हायचे. कांटही बऱ्याच अंशी तिथेच पोचतो: मोजायचं ते संकल्पाला, परिणामाला नाही. पण आपण हे उत्तर नेहमी अपयशी माणसाच्या समजुतीसाठी वापरतो. परीक्षेत नापास झालास, हरकत नाही, प्रयत्न केलास ना. उलट्या दिशेने ते कोणी लावत नाही. फळ माझं नसेल तर भाचा सुखरूप परतला याचं श्रेयही माझं नाही. उरतं फक्त कर्म, आणि त्या सकाळचं माझं कर्म होतं पोळ्याखाली, कड्याजवळ, नऊ वर्षांच्या मुलाकडे पाठ करून फोन बघणं.

इथे मला ऑफिसातली एक गोष्ट आठवली, आणि ती आठवायला नको होती. दोन वर्षांपूर्वी आमच्या टीममधल्या एका मुलाने प्रॉडक्शन डेटाबेसवर डिलीटची क्वेरी चालवली आणि कोणत्या ओळी काढायच्या ती अट लिहायला विसरला. सगळं टेबल रिकामं. बॅकअपमधून परत आणेपर्यंत सहा तास सेवा बंद. आमच्याकडे अशा वेळी घेतात ती बैठक 'दोष न देता' घ्यायची असते, आणि तिच्यात कोणी दोष दिलाही नाही. फक्त त्या वर्षी त्याचं प्रमोशन झालं नाही. त्या बैठकीत मी गप्प बसलो होतो. कारण चार महिन्यांपूर्वी मी नेमकी हीच क्वेरी, हीच अट विसरून चालवली होती. फरक इतकाच की माझी खिडकी चुकून टेस्ट डेटाबेसला जोडलेली होती. म्हणजे मी दोन चुका केल्या आणि त्यांनी एकमेकींना खोडून काढलं. पाच मिनिटं छाती धडधडली, मग चहा प्यायलो. कोणालाही बोललो नाही. काही झालंच नव्हतं.

तेव्हा बोललो असतो तर अशी क्वेरी दुसऱ्या कोणाच्या मंजुरीशिवाय चालू नये, असा नियम चार महिने आधी आला असता. तो नियम आला, पण त्याच्या चुकीनंतर.

विमानवाल्यांना हा धडा एका डोंगराने शिकवला. 1 डिसेंबर 1974 रोजी टीडब्ल्यूएचं 514 क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येताना व्हर्जिनियातल्या माउंट वेदर नावाच्या डोंगरावर आदळलं. उंचीने कर्नाळ्याच्याच जातीचा, झाडीने भरलेला डोंगर. विमानातले सगळे 92 जण गेले. वैमानिकांनी उतरण्याच्या परवानगीचा अर्थ चुकीचा लावला होता. चौकशीत कळलं की सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड कंपनीचं एक विमान त्याच गैरसमजातून त्याच डोंगराला थोडक्यात चुकवून गेलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीत ते सांगितलं, कंपनीने आपल्या लोकांना सावध केलं. इतर कंपन्यांपर्यंत ते पोचवायची सोयच नव्हती. 1976 मध्ये अमेरिकेत नासाकडे अशी सोय सुरू झाली. चूक जाणूनबुजून केलेली नसेल आणि ठरलेल्या मुदतीत स्वतःहून कळवली, तर बहुतेक वेळा दंडातून सूट. नाव गुप्त. ज्या वर्षी दोन तत्त्वज्ञ नशिबाचा हिशेब कसा लावायचा यावर वाद घालत होते, त्याच वर्षी वैमानिकांनी तो प्रश्न बाजूला ठेवून विचारलं: वाचलास ते ठीक, आता पुढच्याला काय सांगतोस?

मला हा प्रश्न जास्त पटतो. दोष किती, हे मला आजही मोजता येत नाही. दगड सुटला असता तर मी किती वाईट माणूस ठरलो असतो आणि सुटला नाही म्हणून किती चांगला, याचं गणित जुळत नाही. पण नशिबाने सोडलेल्या माणसाकडे एक गोष्ट उरते: धोका कुठे आहे याची माहिती. ती त्याला फुकट मिळालेली असते आणि ती त्याच्या एकट्याची नसते.

जानेवारीत ताईचा फोन आला. "परत कुठेतरी ने ना त्याला. तुझ्याबरोबर असला की मला काळजी नसते." हे ऐकून मी गप्प झालो. तिचा निर्णय ज्या नोंदीवर उभा होता त्यातली एक ओळ मी खोडली होती.

सांगण्यात स्वार्थ असू शकतो, हेही मी घोळवलं. आपलं ओझं तिच्या उशाशी ठेवून आपण शांत झोपायचं. एका आईला त्या अरुंद कड्याचं चित्र देऊन मिळणार काय? पण मूल तिचं होतं, आणि ते कोणाच्या हाती द्यायचं हे तिने ठरवायचं होतं. मी सांगितलं. माफी मागायला पुढे नेली नाही, आधी काय घडलं ते क्रमाने सांगितलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "किती वेळ बघत होतास फोन?"

"तीन-चार मिनिटं."

"मेसेजच्या वेळा असतील ना? बघून सांग."

मी बघितलं. पहिला अलर्ट 11 वाजून 42 मिनिटांनी. माझं शेवटचं उत्तर 11 वाजून 53 मिनिटांनी. महिनाभर मी दुसऱ्यांना नाही, स्वतःलाच तीन-चार सांगत आलो होतो, आणि मला ते खरं वाटत होतं.

"अकरा," मी म्हटलं.

"अकरा," ती म्हणाली, आणि ठेवते म्हणून फोन ठेवला.

त्याच आठवड्यात मी त्या जुन्या सहकाऱ्यालाही लिहिलं. तो आता दुसरीकडे आहे. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. ताई पूर्वीसारखी बोलते, दिवाळीला नेहमीसारखी ओवाळेल. पण भाच्याला माझ्याबरोबर डोंगरावर पाठवायचा विषय तिने अजून काढलेला नाही, आणि तो काढायचा हक्क माझा नाही. भाचा मात्र भेटला की विचारतो, त्या दिवशी दगड मारला असता तर मध पडलं असतं का. मी त्याला माश्यांबद्दल सगळं सांगतो. अकरा मिनिटांचंही सांगितलंय.