उलट आणि सुलट : चिन्हाचा अर्थ व वाचकाचे दायित्व

टॅरोच्या पत्त्यांवरून भविष्य सांगण्याच्या परंपरेत एकाच पत्त्याला दोन अर्थ असतात. पत्ता सुलट आला तर एक, उलट आला तर दुसरा. आणि हा दुसरा अर्थ बहुधा पहिल्याचा अभाव, विकार किंवा विरोध असतो. वरवर पाहता ही द्वंद्वात्मक मांडणी सुबोध वाटते. परंतु तिच्या मुळाशी एक पूर्वप्रश्न आहे : पत्ता सुलट आहे की उलट, हे कशावरून ठरवायचे? प्रश्न तांत्रिक दिसतो. प्रत्यक्षात तो अर्थनिर्णयाच्या नीतीचा आहे. जो भेद चिन्हात नाही तो चिन्हावर लादून, त्याच्या आधारे दुसऱ्याच्या आयुष्याविषयी विधान करण्याचा अधिकार वाचकाला पोचतो काय, असे त्याचे खरे रूप आहे.

टॅरोचा उगम गूढविद्येत नाही. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते खेळण्यासाठी तयार झाले. ७८ पत्त्यांपैकी ५६ पत्ते पेले, नाणी, तलवारी आणि दंड या चार रंगांचे. उरलेल्या २२ चित्रांत २१ क्रमवार हुकूम आणि एक ‘वेडा’. फ्रेगेचा भाष्यकार आणि भाषेचा तत्त्वज्ञ म्हणून ख्यातनाम असलेल्या मायकेल डमेटने १९८० साली या खेळाचा विस्तृत इतिहास लिहिला, आणि टॅरोशी जोडले गेलेले गूढवादी अर्थ अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये घडले हे दाखवून दिले. खेळणाऱ्याच्या हाती राजा डोके खाली करून आला तरी तो राजाच राहतो. त्याचे मूल्य इतर पत्त्यांशी असलेल्या नात्यावरून ठरते, दिशेवरून नव्हे. सोस्यूरने भाषिक मूल्य समजावताना बुद्धिबळाचा दृष्टान्त दिला. तो येथेही लागू पडतो. दिशेला अर्थ दिला तो भविष्यकथनाने. ‘एतेइला’ या नावाने लिहिणाऱ्या झाँ-बाप्तिस्त आलिएत याने १७७० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात साध्या ३२ पत्त्यांचे सुलट व उलट असे दुहेरी अर्थ दिले, आणि पुढे तीच पद्धत टॅरोला लावली.

आता प्रत्यक्ष पत्त्यांकडे वळावे. मार्सेय धाटणीच्या संचांत, उदाहरणार्थ निकोला काँव्हेरच्या १७६० या सालाने ओळखल्या जाणाऱ्या संचात, हुकमाच्या पत्त्यांवर वर रोमन आकडा आणि खाली नाव असते. राजा, राणी, स्वार, प्यादा यांना डोकी असतात. पेल्यांना बूड असते. तेथे शंकेला जागा नाही. तलवारींच्या विषम संख्येच्या पत्त्यांत मधोमध एक सरळ तलवार असते. तिची मूठ व टोक दिशा सांगतात. सम संख्येच्या पत्त्यांत कमानींच्या मध्ये फूल असते, आणि कुठे कुठे त्याचा कापलेला देठ बारकाईने शोधावा लागतो. नाण्यांपाशी मात्र वाचकाची कसोटी लागते. दोन नाण्यांच्या पत्त्यावरील फितीत बहुधा कर्त्याचे नाव असते, चार नाण्यांच्या मध्यभागी ढाल असते. इतर अनेक पत्ते वरून पाहिले काय किंवा खालून पाहिले काय, जवळजवळ सारखेच. एखादे पान किंचित अधिक वळलेले, एखादी पाकळी थोडी मोठी. ही विषमता कोरणाऱ्या कारागिराच्या हाताची सहज लकब, की हेतुपूर्वक केलेली खूण, हे पत्ता सांगत नाही.

यावर भविष्यकथनाच्या पुस्तिकांनी काढलेला एक उपाय उद्बोधक आहे. जे पत्ते दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात त्यांच्या एका टोकाला पेन्सिलीने खूण करावी, म्हणजे उलट-सुलट कळेल, असा तो उपाय. म्हणजे चिन्हात नसलेला भेद वाचकाने आधी स्वहस्ते निर्माण करायचा आणि मग तो दैवाने दाखवला म्हणून वाचायचा. याला लबाडी म्हणणे सोपे आहे. पण ते घाईचे ठरेल. खूण पत्ते पिसण्यापूर्वी केलेली आहे, सर्व पत्त्यांना एकच नियम आहे, आणि निकाल कोणाच्याही बाजूने आधीच झुकवलेला नाही. खरी लबाडी पुढे सुरू होते : खूण न करता, पत्ता टेबलावर पडल्यानंतर आणि समोरच्या माणसाचा चेहरा वाचल्यानंतर, तो ‘उलट’ आहे असे ठरवण्यात. पहिल्या प्रकारात संकेत वाचनाच्या आधी येतो, दुसऱ्यात निष्कर्षाच्या नंतर. हा क्रमभेद हाच नैतिक भेद होय.

‘अर्थ नेहमीच संकेताधीन असतो, मग कोणता संकेत आधी आणि कोणता नंतर, याने काय बिघडते?’ असा आक्षेप येथे घेता येईल. त्याला उत्तर असे की, संकेत यादृच्छिक असणे वेगळे आणि खाजगी असणे वेगळे. देवनागरी अक्षराची शिरोरेषा वर असते यामागे निसर्गाचा कोणताही नियम नाही; पण ती वर असते हे लिहिणारा व वाचणारा दोघेही जाणतात, म्हणूनच उलटे धरलेले पान उलटे आहे हे कोणालाही दाखवता येते, आणि चूक मान्य करवून घेता येते. ज्या संकेताचे ज्ञान एकाच पक्षाकडे आहे, त्याच्या आधारे केलेले वाचन कधीच चुकू शकत नाही. आणि जे चुकू शकत नाही ते वाचन नव्हे, तो हुकूम होय.

चुकीच्या शक्यतेचा हा मुद्दा ‘टांगलेला मनुष्य’ या बाराव्या हुकमाने अधिक स्पष्ट होतो. एका पायाला दोर बांधून उलटा लोंबकळणारा हा मनुष्य मूळ इटालियन परंपरेत ‘विश्वासघातकी’ या नावाने ओळखला जात असे. तेथील नगरराज्यांत राजद्रोह्यांची अशी चित्रे सार्वजनिक भिंतींवर बदनामीसाठी काढली जात. १४४० साली फ्लॉरेन्समध्ये अशी चित्रे काढल्यामुळे आंद्रेआ देल कास्तान्यो या चित्रकाराला ‘टांगलेल्यांचा आंद्रेआ’ हे टोपणनाव मिळाले. १७८१ साली आंत्वान कूर द जेबलाँ या फ्रेंच विद्वानाने टॅरो हा प्राचीन इजिप्तचा ग्रंथ असल्याचा सिद्धान्त मांडला. चार मूलभूत सद्गुणांपैकी न्याय, धैर्य व संयम त्याला पत्त्यांत सापडले, विवेक सापडेना. तेव्हा त्याने असे ठरवले की, बारावा पत्ता हाच विवेक : एक पाय जपून पुढे टाकत उभा असलेला मनुष्य, ज्याला अडाणी पत्तेकाराने चुकून उलटा छापला. अठराव्या शतकातील बेल्जियन संचांत तर हा मनुष्य, ‘टांगलेला’ हे नाव तसेच ठेवून, एका पायावर ताठ उभा छापलेला आढळतो.

जेबलाँची चूक केवळ इतिहासाची नाही. त्याला चिन्हात वैपरीत्य दिसले आणि ते चिन्हाचे म्हणणे असू शकेल, हे त्याने मानलेच नाही. तो उलटेपणा हाच त्या पत्त्याचा सुलट अर्थ होता. एका माणसाला जाहीरपणे अपमानित केले जात आहे, एवढेच ते चित्र सांगत होते. विद्वानाने त्याला पायांवर उभे करून त्याचा सद्गुण केला, आणि शिक्षा, दोर व अवहेलना ही सारी एका सुबक व्यवस्थेसाठी पुसून टाकली. ‘सुलट करणे’ हे नेहमीच न्यायाचे कृत्य नसते. कधी कधी ते दुःखाच्या साक्षीचा पुरावा नष्ट करणे असते. साहित्यकृतीतील विसंगती ही लेखकाची किंवा लिपिकाराची चूक समजून ‘दुरुस्त’ करणाऱ्या समीक्षेला हा इशारा लागू आहे. तसाच तो, कोणतीही संहिता उलटी धरली की तिचे सत्य सापडते, असे गृहीत धरणाऱ्या विरचनावादी उत्साहालाही आहे. उलट वाचण्यासाठी सुलट कोणते हे आधी दाखवता आले पाहिजे.

खेळाडूंनी हा प्रश्न आपल्या परीने सोडवला. पुढील काळातील फ्रेंच रंगांच्या टॅरो संचांत चित्रे दुमुखी झाली. कोणतेही टोक वर धरा, आकृती सरळच दिसते. हातातले चित्राचे पत्ते सरळ करताना प्रतिस्पर्ध्याला सुगावा लागण्याची भीतीही त्यामुळे गेली. भविष्यकथनाच्या बाजूने १९०९ साली वेट यांच्या संकल्पनेनुसार पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेल्या संचाने विरुद्ध मार्ग धरला. संख्येच्या बहुतेक पत्त्यांवर माणसे, जमीन व आकाश आले, आणि दिशेची संदिग्धता संपली. एका मार्गाने भेदच मिटवला, दुसऱ्याने तो सर्वांना दिसेल असा केला. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. कारण दोहोंत निर्णय टेबलावर उघड आहे.

जुन्या संचाने वाचणाऱ्याला मात्र ही सोय नाही. त्यातही वाचक आणि प्रश्न विचारणारा समोरासमोर बसलेले असले, तर एकाला सुलट दिसणारा पत्ता दुसऱ्याला उलटच दिसतो. ‘सुलट’ म्हणजे कोणाच्या बाजूने सुलट, हे न सांगता पत्ता उलगडणारा वाचक स्वतःचे आसन हेच विश्वाचे वर-खाली मानत असतो. पत्त्यांत भविष्य असते की नसते, या वादाचा निकाल लागेपर्यंत या प्रश्नाला थांबावे लागत नाही. भविष्यावर विश्वास नसलेल्यानेही हे मान्य करावे की, भयभीत माणसापुढे ‘हा पत्ता उलट आहे’ हे वाक्य उच्चारणे ही कृती आहे, आणि तिचे परिणाम खरे असतात. म्हणून ज्याला नाण्यांचा पत्ता वाचायचा आहे त्याने आपली खूण आधी दाखवावी. खूण नसेल तर भेद सोडून द्यावा. वाचनाचा प्रामाणिकपणा अर्थाच्या खोलीने सिद्ध होत नाही. आपण कोणत्या बाजूला बसलो आहोत, हे आधी सांगण्याने होतो.