डोंगराचें अंगण

डोंगराखालचें एखादें गांव दगडमातीखालीं गडप झाल्याची वार्ता आली, म्हणजे दूरच्या शहरांतील सुशिक्षित मनुष्य प्रथम हळहळतो आणि मग विचारतो, "पण अशा ठिकाणीं त्यांनीं राहावेंच कां?" या प्रश्नांत निष्ठुरपणा असतो असें नाहीं, पण एक गृहीत मात्र असतें. तें असें कीं, धोका ज्याच्या दारीं येतो त्यानेंच तो पत्करलेला असतो. हें गृहीत कितपत खरें आहे, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम डोंगराचा स्वभाव पाहूं. उतारावर, खडकाच्या पाठीवर, झिजलेल्या दगडमातीचा थर असतो. मोठा पाऊस लागून राहिला म्हणजे पाणी त्या थरांत मुरतें, कणांमधील पोकळ्या भरून जातात, पाण्याच्या दाबानें कणांची एकमेकांवरील पकड सुटते. आणि शतकानुशतकें स्थिर असलेला थर घटकेंत वाहूं लागतो. कालवलेल्या चुन्यासारखा दाट असा हा लोंढा मोठमोठे धोंडे सहज वाहून आणतो. घळीचें तोंड जेथें रुंदावतें व उतार मंदावतो, तेथें तो पसरून थांबतो. अशा अनेक लोंढ्यांनीं मिळून पंख्याच्या आकाराची जमीन तयार होते. उंच पर्वतांच्या अरुंद खोऱ्यांत सपाट, पिकाऊ आणि पाण्याजवळची जमीन बहुधा हीच. म्हणून माणसें तेथें घरें बांधतात. ज्या हातानें डोंगर त्यांना अंगण सारवून देतो, त्याच हातानें तो केव्हां तरी तें पुन्हां लिंपावयास येतो.

उत्तरकाशी जिल्ह्यांतील धराली अशाच अंगणांत, खीर गाड या ओढ्याच्या मुखाशीं वसलेलें होतें. तेथील कल्पकेदाराचें प्राचीन देऊळ पूर्वींच्या गाळांत बरेंचसें पुरलेलें होतें. म्हणजे इशारा शिलालेखासारखा गांवांतच उभा होता. ता. ५ ऑगस्ट २०२५ रोजीं लोंढा आला व घरें आणि पथिकाश्रम गाडून गेला. पण ते पथिकाश्रम कोणासाठीं उभे राहिले होते? गंगोत्रीच्या वाटेवर नदीकडे उघडणारी खिडकी मागणाऱ्या यात्रेकरूंसाठीं. आणि त्या यात्रेकरूंत आपलीं महाराष्ट्रीय कुटुंबेंही असतात. धोका पत्करणारा एक, आणि त्याला तो पत्करावयास लावणारे अनेक, असा हा हिशेब आहे.

आपल्या सह्याद्रींतही तीच कथा. आंबेगाव तालुक्यांतील माळीण ता. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं नाहींसें झालें; १५१ माणसें गेलीं. नेहमींच्या वाटेनें आलेल्या एस्. टी. च्या चालकाला गांवच दिसेना, तेव्हां जगाला कळलें. ता. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळगडाच्या कुशींतील इर्शाळवाडीवर दरड आली. ही वाडी धोक्याच्या गांवांच्या सरकारी यादींतच नव्हती. डोंगराच्या दोन कोपांमध्यें कित्येक पिढ्या लोटतात. माणसाची आठवण आजोबांपलीकडे क्वचितच जाते. तेव्हां हा धोका जाणण्याचें काम एकट्या झोंपडीवाल्याचें नसून, ज्यांच्यापाशीं नकाशे, पर्जन्यमापकें आणि विद्या आहे त्यांचें आहे. ज्ञान हें येथें भूषण नव्हे, ऋण आहे.

तें फेडतां येतें, याचेंही उदाहरण आहे. स्वित्झर्लंडमधील ब्लाटेन गांवावर ता. २८ मे २०२५ रोजीं हिमनदी व कडा कोसळून बहुतेक गांव गाडलें गेलें. एक मनुष्य मात्र दगावला. कारण सुमारें ३०० रहिवाशांना कांहीं दिवस आधींच हलविलें होतें. तेथें कोणी तरी डोंगराकडे पाहत होता, त्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास होता, आणि निघून जावयास त्यांना जागा होती. ज्याला दुसरी जागा नाहीं त्याला नुसतें "येथून ऊठ" म्हणणें हा इशारा नव्हे, ती हात झटकण्याची रीत आहे.

आमच्या शेंदूरजनाघाटास हिमालय नाहीं. आहे तो सातपुड्याचा पायथा आणि संत्र्याचे बगीचे. पण पाण्याचा कोप आमच्या मुलखालाही ठाऊक आहे. ता. ३० जुलै १९९१ च्या वर्धा नदीच्या पुरानें शेजारच्या मोवाडांत दोनशेंहून अधिक माणसें नेलीं. हें ठाऊक असूनही आम्हीं आमच्या बगीच्यांतून जाणारा नाला दगडांचा बांध घालून अरुंद केला. झाडांच्या दोन ओळी वाढल्या. नाला जेथें बाहेर पडतो तेथें मजुरांचीं घरें होतीं. पुढें एका श्रावणांत बांध फुटला आणि लोंढा एका घराच्या चुलीपर्यंत शिरला. कोणास इजा झाली नाहीं, या समाधानांत आम्ही पाहावयास गेलों. घरची बाई शांतपणें म्हणाली, "मालक, पाणी तं दरसाल येते, पण हे गोटे कुठून आले?"

ते गोटे आमच्या बांधाचे होते. त्या दोन ओळी आम्हीं त्याच वर्षीं काढल्या आणि नाल्याला त्याची रुंदी परत दिली. यांत औदार्य कांहींच नव्हतें. जें आमचें नव्हतें तें आम्हीं सोडलें, इतकेंच.

तेव्हांपासून डोंगराखालच्या माणसांनीं तेथें कां राहावें, हा प्रश्न आम्हांस विचारवत नाहीं. त्याआधीं दुसरा एक प्रश्न सोडवावा लागतो: त्यांच्या डोक्यावर, उताराच्या वरच्या अंगास, आपण काय करीत आहों?